आवाज वगळून

मावशींचा फोन आला तेव्हा तिच्या समोरच्या पडद्यावर ओळी सरकत होत्या आणि गॅसवर दूध ठेवून दारात कुणाशी तरी बोलत उभ्या राहिलेल्या बाईसारखी ती त्यांच्याकडे अर्ध्या डोळ्यानं बघत होती. मावशी म्हणजे दिवसभर बाबांपाशी बसणाऱ्या बाई. कामाच्या वेळात त्या सहसा फोन करत नसत.

"अहो ताई, आजोबांचं यंत्र बोलत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे ते बोट लावतायत, तो चौकोन पिवळा होतोय, पण आवाज नाही. सकाळपासून तीच गत. मला आधी वाटलं माझेच कान गेले."

"आवाज वाढवून बघा. उजव्या कडेला बटण आहे."

"वाढवला की. मी काय इतकी अडाणी आहे? त्याच्यावर गाणं लावलं तर ठणाणा वाजतंय. यांचं तेवढं वाजत नाही."

'एकदा बंद करून चालू करा', हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. दिवसातून कितीतरी वेळा ती ते कुणा ना कुणाला सांगायची आणि निम्म्या वेळा तेवढ्यानं भागायचंही. पण तेवढ्यात पडद्यावरून एक ओळ वर गेली. तिच्यात नवीन काही नव्हतं. गेली काही वर्षं दर खेपेला ती ओळ त्याच जागी यायची आणि वर सरकून नाहीशी व्हायची: रेकॉर्डिंगचा फोल्डर, वगळला. तिनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडे मावशी काहीतरी बोलत होत्या, शेजारच्या टेबलावर कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडत होतं, आणि तिला कळलेलं होतं. कळायला मध्ये थोडा वेळ गेला, आधी शंका आली, मग खात्री पटली, असं काही झालंच नाही. नळ उघडावा आणि पाणी यावं तसं ते कळलं.

"ताई? आहात ना?"

"आहे."

"मग काय करू?"

"काही करू नका. मी येते."

"आत्ता? एवढं काही नाहीये हो. मी त्यांना म्हटलं, आजोबा, नुसतं दाखवा, मी देते. पण ते काही मागतच नाहीयेत. बोट लावतात आणि ऐकत बसतात."

तिचं काम सगळ्यांच्या शेवटचं. बाकीचे लोक प्रोग्राम लिहितात, तपासतात, त्यावरून भांडतात. मग मशीन तो लिहिलेला मजकूर दळून त्यातून चालू शकेल असं काहीतरी बांधतं. आणि ते बांधून तयार झालेलं एका पेटीत भरून, पेटी आवळून, गिऱ्हाइकाकडे रवाना करणं हे तिचं काम. पेटी म्हणजे विशेष काही नाही, साधी झिप फाइल. कुणीही उघडावी आणि वापरावी. पण तिच्यात काय जातं यापेक्षा काय जात नाही यात सगळी कला आहे, असं ती नव्यानं लागलेल्यांना सांगायची. लिहिलेला मूळ मजकूर जात नाही. तपासणीच्या खुणा जात नाहीत. लिहिणाऱ्यानं स्वतःसाठी मध्येमध्ये टाकलेल्या टिपा, चिडून लिहिलेली एखादी शिवी, चुकलेले प्रयत्न, तात्पुरतं म्हणून ठेवलेलं आणि मग विसरलेलं, यातलं काहीच जात नाही. ऑफिसात तिला पेटीवाली म्हणत, आणि तिची पेटी सगळ्यात हलकी असते हे कौतुकानंच म्हणत. कंपनी दवाखान्यांसाठी आणि दुकानांसाठी फोन उचलणारा प्रोग्राम बनवायची. तो फोन उचलायचा, विचारपूस करायचा, समोरच्याचं बोलणं साठवून ठेवायचा. ती नवीन असताना एकदा तपासणी करणाऱ्या कुणाच्या तरी मशीनवरून पेटी भरली गेली, आणि एका बाईनं आपल्या छातीतल्या गाठीबद्दल डॉक्टरांना विचारलेलं सगळं त्या पेटीतून जाऊन भलत्याच शहरातल्या भलत्याच दुकानदारानं चहा पिता पिता ऐकलं. दोघांच्या नोकऱ्या गेल्या. साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, "वापरणाऱ्याचं काहीही पेटीत जाता कामा नये. एक खोकलासुद्धा नाही." त्या आठवड्यात तिनं पेटी आपोआप भरणारी स्क्रिप्ट लिहिली. जे बांधलं ते आत, जे वापरताना साठलं ते बाहेर. कुठल्याही नावाचा फोल्डर असो, आत माणसाचा आवाज साठलेला दिसला की तो बाहेर. तेव्हापासून एकही खोकला गेला नव्हता.

"अहो पेटीवाल्या बाई, निघाली का पेटी? गिऱ्हाईक दारात ताटकळलंय," तपासणीवालीनं पलीकडून हाक मारली.

"निघाली," ती म्हणाली. पडद्यावर शेवटची ओळ आली होती: सगळं ठीक. तिनं पेटी पाठवून दिली, पर्स उचलली, आणि साहेबांना काय सांगायचं ते न सुचल्यामुळे काहीच न सांगता जिना उतरली.

बाबा गाडी चालवायला शिकवायचे. अर्ध्या शहराला मी क्लच सोडायला शिकवलं, असं ते म्हणत, आणि उरलेल्या अर्ध्याला माझ्या विद्यार्थ्यांपासून जीव वाचवायला. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून ते बोलत राहायचे, ओरडायचे, विनोद सांगायचे, भेदरलेल्या माणसाला बोलून बोलून भानावर आणायचे; घरी येऊनही तोंडाला ब्रेक नसे. आई बोलायची नाही. ती संध्याकाळच्या क्लासमध्ये मुलांना प्रोग्रामिंग शिकवायची, खडूचे हात धुऊन घरी यायची, आणि बाबांचं बोलणं आमटी ढवळता ढवळता ऐकायची. मग बाबांच्या मेंदूतल्या एका नळीत गुठळी अडकली. हातपाय बरेचसे परत आले, तोंडाची एक बाजू परत आली, समजणं तर कुठे गेलंच नव्हतं. शब्द मात्र आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट मोडलीय. दवाखान्यातून एक पुठ्ठा दिला होता, चित्रांचा, बोटानं दाखवायचा. बाबांनी तो आठवड्याच्या आत फाडला. तेव्हा आईनं निवृत्त झाल्यावर माळ्यावर टाकलेली पुस्तकं काढली आणि तो प्रोग्राम लिहिला. पडद्यावर चौकोन, प्रत्येकात एक चित्र आणि एक शब्द. बोट लावलं की चौकोन पिवळा होणार आणि आवाज बोलणार. आवाज आईचा. आईनं बाबांच्या वतीनं बोलायचं ते बाबांसारखंच बोलायचं ठरवलं होतं, त्यामुळे यंत्रातून आईच्या बारीक, जरा घशात अडकणाऱ्या आवाजात येई, "मी दमलो", "मी जेवलो", "मला जरा एकटं सोडा". पहिल्यांदा ऐकणारा हसल्याशिवाय राहत नसे. शेजारचे काका एकदा म्हणाले होते, "वहिनी, इतकी वर्षं दम धरलात, आता बघा, घरात सगळं तुम्हीच बोलताय." त्यावर बाबांनी पडद्यावर बोट फिरवून हवा तो चौकोन शोधला होता आणि आईचा आवाज शेजारच्या काकांना म्हणाला होता, "आता तुम्ही घरी जा." आई स्वयंपाकघरात एवढी हसली की तिला ठसका लागला.

तिनं स्वतः तो प्रोग्राम बघितला तेव्हा तिच्यातली पेटीवाली जागी झाली होती. रेकॉर्डिंग कच्चं होतं. एका शब्दामागे कुकर, दुसऱ्यामागे रस्त्यावरची मोटारसायकल, कुठे आवाज मोठा, कुठे पुटपुटल्यासारखा. "आई, मी चांगला माईक आणून देते, सगळं एकदा नीट करून घे ना," ती म्हणाली होती. "त्यांना कळतंय ना? मग झालं," आई म्हणाली. लिहिलेल्या मजकुरात आईनं मध्येमध्ये स्वतःसाठी टिपा टाकल्या होत्या. एक तिला आठवत होती: हा चौकोन मोठा कर, सकाळी बोट जास्त थरथरतं. बाकीच्या तिनं वाचल्या नव्हत्या, कारण दुसऱ्याचा मजकूर वाचताना तिची नजर टिपांवरून घसरत पुढे जायची, तशी सवयच लागली होती.

आणि आई गेली ती बाबांच्या आधी. कुणी गृहीत धरलेलं नव्हतं असं. आईनं स्वतःचं दुखणं सांगण्यासाठी कुठला चौकोन ठेवला नव्हता. भाड्याचं घर सोडायचं होतं, बाबांना तिच्याकडे आणायचं होतं, धाकटा भाऊ लांबच्या शहरातून येऊन चार कपाटं रिकामी करून परत गेला होता, आणि आईचं जुनं धूड मशीन टेबलावर तसंच होतं. बाबांसाठी तिनं नवीन, हलकं, मांडीवर घेता येईल असं यंत्र आणलं होतं. प्रोग्राम एकीकडून दुसरीकडे न्यायचा, एवढंच काम. दुसऱ्या कुणीही, अगदी मावशींनीसुद्धा, तो फोल्डर उचलून जसाच्या तसा डकवला असता. पण तिच्या बोटांना ते येत नव्हतं. बोटांनी स्क्रिप्ट आणली, आईच्या फोल्डरवर सोडली, ओळी सरकल्या, सगळं ठीक झालं, पेटी तयार झाली. किती लहान झाली म्हणून तिला बरंही वाटलं होतं, तिला हे आता आठवत होतं आणि आठवायला नको होतं. मग नियमाप्रमाणे पेटी दुसऱ्या यंत्रावर उघडून तिनं तपासली. प्रोग्राम उघडला, चौकोन आले, बोट लावलं की पिवळे झाले. आवाज तिनं बंद ठेवला होता. बाबा आतल्या खोलीत तोंडावर हात घेऊन झोपले होते, आणि आईचा आवाज त्यांच्या कानावर पडू नये असं तिला वाटलं होतं. खरं तर स्वतःच्याही. मग तिनं जुनं मशीन पुसलं. आईच्या बँकेचे कागद त्यात होते, ते कुणाच्या हाती लागू नयेत. नुसतं पुसून तिचं समाधान होत नसे. डिस्कच्या कणाकणावर शून्यं भरून, मग पुन्हा भरून, तिथे कधी काही होतं याचा मागमूस राहणार नाही असं करायची तिची पद्धत होती. आईनं सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर जपून ठेवली होती. तीही तिनं तशीच पुसली, न विसरता. आई गेल्यापासून बाबांनी यंत्राला हातच लावला नव्हता; नवं यंत्र त्यांनी पहिल्यांदा उघडलं ते आज सकाळी.

ती घरी पोचली तेव्हा बाबा खुर्चीत होते, यंत्र मांडीवर. त्यांनी वर बघितलं आणि एक चौकोन दाबून दाखवला, मेकॅनिकला बिघाड दाखवावा तसा. ती त्यांच्यापाशी उकिडवी बसली, यंत्र हातात घेतलं, आणि जो फोल्डर तिथे नाही हे तिला माहीत होतं तो शोधला. मावशी चपला पायात सरकवत दारात रेंगाळल्या. "काही सुटं झालं असेल आत," त्या म्हणाल्या.

"बाबा, बिघडलंय जरा. मी करते दुरुस्त."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. ब्रेक लागलाच नाही हो, असं सांगणाऱ्या शिकाऊ माणसाकडे ते असंच बघायचे. रागानं नाही, तो खरं केव्हा बोलेल याची वाट बघत. ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. ओट्याशी उभं राहून तिनं आईचा आवाज आठवून बघितला. आठवला, पण शब्दांशिवाय, भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू यावं तसा. चाल आहे, चढउतार आहे, बोल नाहीत. ती एकेक शब्द त्या आवाजात बसवायला गेली की तो तिच्या स्वतःच्या आवाजात येई. तिला वाटलं, अजून तर वर्षही झालं नाही. एवढ्यात? मग वाटलं, आपण कधी धरून ठेवायचा प्रयत्नच केला नाही, कारण तो कुठेतरी साठवलेला आहे अशी खात्री होती. साठवलेलं असलं की माणूस आठवत नाही. तिच्या फोनमध्ये आईचे निरोप होते, शेकडो, पण सगळे लिहिलेले, पूर्णविरामासकट. पोचलीस की कळव. दूध आणू नकोस, आहे. घरातल्या चित्रफितींत आई कधी नसायची, कारण त्या तीच काढायची, स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येऊ न देता.

संध्याकाळी तिनं भावाला फोन केला. सांगताना तिनं काही गाळलं नाही.

"अगं, पण डिस्क कुठेय?" तो म्हणाला. "जुनं सामान घेणाऱ्याला दिलीस ना? आण परत. पुसलेल्यातूनही काढतात हल्ली. आमच्या इथे एक जण आहे, जळलेल्या डिस्कमधून लग्नाचे फोटो काढून दिले त्यानं."

"जळलेल्यातून निघतं. मी पुसलेल्यातून नाही निघणार. शून्यं भरली होती. दोनदा."

त्याच्या मागे कुणीतरी भांडी लावत होतं.

"म्हणजे साध्या माणसानं केलं असतं, तर मिळालं असतं."

"हो."

"तू केलंस म्हणून नाही मिळणार."

"हो."

"ताई, मी तसं म्हणत नाहीये."

"तसंच म्हण. तसंच आहे ते."

"बाबांना सांगितलंस?"

"बिघडलंय म्हटलं."

"शहाणी आहेस," तो म्हणाला, आणि त्यात टोमणा किती आणि माया किती ते तिला कळलं नाही. मग म्हणाला, "ऐक. तूच बोल ना त्याच्यात. तुझा आवाज आईसारखाच आहे. फोनवर मी किती वेळा फसलोय. बाबांना निदान पाणी तरी मागता येईल."

तिला नाही म्हणता आलं नाही, कारण त्याचं बरोबर होतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी मावशी बाबांना खाली फिरवायला घेऊन गेल्या तेव्हा ती कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यापुढे बसली. कपड्यांत आवाज घुमत नाही. माईक चांगला होता. चौकोनावरचे शब्द समोर होते: पाणी, पंखा, पाय, दमलो. पण हे नुसते शब्द होते. आई काय म्हणायची? "पाणी द्या" की "पाणी हवंय"? की "जरा पाणी"? बाबा कित्येक वर्षं दर रविवारी तिच्यासमोर ते मागत होते आणि तिला सांगता येईना. पाणी आणून द्यायची तेवढं तिला आठवत होतं. ती अंदाजानं बोलत गेली. "मला पाणी हवंय." "पंखा लावा." मध्येच तिच्या लक्षात आलं की ती आवाज बारीक करतेय, घशात किंचित अडकवतेय, आणि तिला स्वतःची इतकी शिसारी आली की तिनं उठून तोंड धुतलं. परत बसली ती आपल्या आवाजात बोलायला. "मी दमलो," ती म्हणाली. ऐकून बघितलं तर स्वच्छ होतं, मागे कुकर नाही, मोटारसायकल नाही, काही नाही. घोषणा केल्यासारखं. आपण कुणी नसलेल्या घरातून बोलतोय असं तिला वाटलं. तिनं ते तसंच ठेवलं. मग पेटी भरली, या वेळी स्क्रिप्टला हात न लावता, एकेक फाइल हातानं उचलून. पेटी उघडून, आवाज चालू करून, प्रत्येक चौकोन दाबून तपासली. सगळे बोलले.

बाबांनी पहिला चौकोन दाबला तो पाण्याचा. "मला पाणी हवंय," यंत्रातून तिचा आवाज आला. बाबांनी मान वळवून आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. पटकन बघितलं, दारात कुणी आहे का बघतात तसं. मग तिच्याकडे. ती समोरच उभी होती, तोंड मिटून. ती पाणी आणायला आत गेली, पेला भरून घेऊन आली, तर बाबा पुढचा चौकोन दाबत होते. पेला त्यांनी घेतला नाही. एकामागून एक त्यांनी सगळे चौकोन दाबले, काही न मागता, एखादा माणूस घरातल्या सगळ्या खोल्यांतून कुणाला तरी शोधून येतो तसे. तिचा आवाज सांगत राहिला की मी दमलो, माझे पाय दुखतायत, मला बाहेर जायचंय, मी जेवलो. ती हातात पेला घेऊन ऐकत राहिली. शेवटचा चौकोन झाला. बाबांनी यंत्राचं झाकण हळूच लावलं, तिच्या हातावर दोनदा थोपटलं, छान केलंस म्हणावं तसं, आणि डोळे मिटले. आपली परीक्षा बघून झाली आणि आपण नापास झालो, पण परीक्षक भला माणूस आहे, असं तिला वाटलं. ड्रायव्हिंगला नापास झालेल्यांना बाबा असंच थोपटायचे.

त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी यंत्राला हात लावला नाही. मावशी विचारायच्या आणि ते मान हलवायचे. भावाचा फोन यायचा, "बोलतात का?" आणि ती म्हणायची, हळूहळू. ऑफिसात ती पेट्या भरत होती. ओळी सरकायच्या, वगळलं, वगळलं, आणि तिला वाटायचं, मशीन काही चुकीचं करत नाही. आपण आपल्या माणसांशी एरवीही हेच करत आलो. चालेल तेवढं ठेवलं, बाकीचं ओझं म्हणून बाहेर. आईला ती दर रविवारी भेटायची. जेवलात का, औषधं आणली का, काही हवंय का. त्या भेटी किती हलक्या असायच्या. साहेबांनी एकदा टेबलाशी थांबून विचारलं, "बाई, बरं नाही का? चेहरा उतरलाय." "बरं आहे," ती म्हणाली, आणि ते पुढे गेले.

मग एक दिवस ती घरी आली तर यंत्र उघडं होतं आणि बाबांचं बोट पंख्याच्या चौकोनावर होतं. चौकोन पिवळा झाला. आवाज आला नाही. पुन्हा काय पुसलं आपण, पुन्हा काय विसरलो? तिनं यंत्र जवळजवळ हिसकावूनच घेतलं. काही गेलं नव्हतं. आवाजाचं बटण शून्यावर होतं. तिनं वाढवलं, आणि बाबांनी, तिच्याकडे बघत, तिच्या हातातल्या यंत्रावर बोट टेकवून ते परत खाली आणलं.

"मी नाही हो हात लावला," मावशी दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "मी वाढवते, ते मिटवतात. दोन दिवस हाच खेळ चाललाय. म्हटलं, राहू दे. मागायचं ते मागतात आता, चौकोन पिवळा होतो, मला दिसतं, मी देते. पण देईपर्यंत थांबावं लागतं."

"थांबावं म्हणजे?"

"लगेच दिलं तर घेत नाहीत. दाबून झालं की जरा बसून राहतात. ऐकत असावेत."

"काय?"

"आता ते मला कुठून ठाऊक असणार? तुम्हाला येतं का काही ऐकू?"

"नाही."

"मलाही नाही," मावशी म्हणाल्या आणि पिशवी घेऊन निघाल्या.

ऐकू येत नाही म्हणजे आता बघत राहावं लागे. पलीकडच्या खोलीत असताना बाबांना काही हवंय हे कळायचं नाही, म्हणून ती घरी असली की त्यांच्या शेजारी येऊन बसायची, पुस्तक घेऊन, न वाचता. बाबा बोट लावायचे. चौकोन तिचं वाक्य संपेपर्यंत पिवळा राहायचा आणि विझायचा. तसाच तो बांधलेला होता. विझल्यावरही बाबा थांबायचे, पाण्याला थोडं, पायाला जरा जास्त, मग तिच्याकडे बघायचे, की आण. हळूहळू तिला त्या थांबण्यांची सवय झाली. आईचं पाणी तिच्या पाण्यापेक्षा लांब होतं, एवढं तिला कळलं. काहीतरी आणखी असणार त्यात. कदाचित "जरा". कदाचित नुसता श्वास.

एका दुपारी वारा सुटला होता. पडदा आत येऊन बाबांच्या खांद्याला लागत होता, आणि त्यांनी खिडकीच्या चौकोनावर बोट ठेवलं. तिनं पुस्तक बाजूला ठेवलं आणि उठायला लागली. बाबांनी हात वर केला, तिच्याकडे न बघता, थांब. ती अर्धवट उठलेली तशीच राहिली, एक हात खुर्चीच्या दांड्यावर. चौकोन विझला. तिचं 'खिडकी लावा' संपलं. पाण्याला लागायचा तेवढा वेळ गेला, पायाला लागायचा तोही गेला, आणि हात खाली आला नाही. पडदा पुन्हा आत आला, गेला. खिडकीत बोलण्यासारखं एवढं काय होतं? वारं येतंय म्हणाली असेल. तेवढ्यात कुणी दार वाजवलं असेल आणि त्या माणसाशी बोललेली ती तशीच रेकॉर्ड झाली असेल. हसली असेल. किंवा रेकॉर्डिंग चालू आहे हे विसरून, बाबांच्या वतीनं नाही तर स्वतःच्या वतीनं, आयुष्यात एकदा, बाबांना काहीतरी म्हणाली असेल. तिची मांडी थरथरायला लागली, पण ती हलली नाही. बाबांच्या तोंडाची जी बाजू परत आली होती ती किंचित वर गेली. मग ते सावकाश गंभीर झाले, मान जराशी हलली, होकारासारखी, आणि हात खाली आला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, ही अजून अशी का उभी आहे म्हणून.

तिनं जाऊन खिडकी लावली.